अर्धा सूर्य चांद्याचा, अर्धा बाजीचा

मुंबई, लालबाग
१२ जुलै १९७०

कुसगाव मुक्कामी ती. दादास मुंबईहून लीलाचा सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं की आधी आईला सांग, मी वेळेवर जेवते, मामी दुधाचा पेला संपल्याशिवाय उठू देत नाही आणि मामा रोज ट्रामच्या जुन्या गोष्टी सांगून डोकं खातात. एवढं तिला वाचून दाखव. पुढचं तू एकट्यानं वाच, कारण पुढे सगळा वेडेपणा आहे.

दादा, या आठवड्यात मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आमच्या आर्ट स्कूलजवळच्या दालनात एका बाईंचं प्रदर्शन लागलंय. त्या सुंभाची चित्रं करतात. साधा सुंभ, आपल्या बाजेला असतो तोच. त्यांनी तो कुसुंबी नि काळा रंगवून, गाठी मारमारून थेट छतापासून जमिनीपर्यंत सोडलाय. मी खालून आत शिरले तर वडाच्या पारंब्यांत उभं राहिल्यासारखं वाटलं. रखवालदार हात लावू देईना, म्हणून मी नाक लावून पाहिलं. वास अगदी आपल्या पडवीतला. त्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या मला बघून इतक्या हसल्या की मी ओशाळले. पण मग त्यांनीच बोलावून घेतलं आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं.

दुसरं नवल एका दुकानाच्या काचेत. खुर्ची. एकच लोखंडी सळई वाकवत वाकवत नेली आहे, कुठे सांधा नाही, वर वेताची बैठक. करणारा मुलगा माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. डिझाइन म्हणजे लुगड्याचा काठ एवढंच मला ठाऊक होतं. इथे आमचे मास्तर म्हणतात की पळीचा दांडासुद्धा कुणीतरी डोकं चालवून वाकवलेला असतो.

आता तुझ्याशी एक करार. यापुढे प्रत्येक पत्रात एक नवल हवं. कुणीतरी नव्यानं घडवलेली वस्तू आणि ती घडवणारा माणूस. मावळात भात आणि धुकं सोडून काही नसतं असं सांगून सुटायचं नाही.

आईला नमस्कार, आबांनाही. तुझी माया आहे तितकी पुरे, उत्तर मात्र जास्त लांबीचं हवं.

तुझी
लीला


कुसगाव
२ ऑगस्ट १९७०

चि. लीला हीस सोपानदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आई खुशाल, मी खुशाल, आणि आपले चांद्या नि बाजी आम्हा दोघांपेक्षा खुशाल. लावणी उरकली. बैलांना काम कमी, म्हणून लोणावळा स्टेशनावरून माल वाहायला गाडी लावतो.

तुझा करार मंजूर. आणि माझं नवल ऐकून तुझी खुर्ची मोडून पडेल. मागल्या सोमवारी स्टेशनातून लाकडी खोकी भरली, वळवणच्या बाजूला एक नवा बंगला होतोय तिथे टाकायची होती. चढाला एक खोकं घसरलं. उघडून पाहतो तर आत कपबश्यांचा चुरा. लीले, मला घाम फुटला. दुसरं उघडलं, त्यातही चुरा. तिसऱ्यातही. आता आपली गाडी, बैल, जमीन सगळं विकून कपबश्या भरून द्याव्या लागणार असं धरून मी बंगल्यावर गेलो आणि हात जोडून उभा राहिलो. बंगल्यातल्या बाई पारशी, फ्रेनीबाई नाव, पन्नाशीच्या असतील, पायजमा घातलेला आणि केसांत सिमेंट. त्यांनी चुरा ओंजळीत घेतला, आणि मोठे तुकडे फार राहिलेत म्हणून माझ्यावरच नाराज झाल्या.

त्या फुटक्या कपांची भिंत करतात. व्हरांड्याची सबंध भिंत. जवळून बघितलं तर कुठे कपाचा कान, कुठे बशीची सोनेरी कड. लांब गेलं की त्यातून घाट उतरतो, बोगदा दिसतो, वर ढग. मी तासभर तिथेच. बाजीनं तोवर त्यांची जास्वंद खाल्ली. आता मी घरातली फुटकी भांडी त्यांना नेऊन देतो, आणि आई म्हणते की धड भांडीसुद्धा माझ्या हातून हल्ली जास्त फुटायला लागलीत.

आता जरा वेगळं. हे वाचून रागावू नकोस. परवा पारावर आबांनी सगळ्यांदेखत विचारलं, पोरगी वर्षभर तिकडं शिकते म्हणजे नेमकं काय करते. मी सुंभाचं सांगितलं. सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले की सुंभ वळायला मुंबईला कशाला जायला पाहिजे, तळेगावचं स्थळ चांगलं आहे, दिवाळीत पोरगी घरी आणू आणि तुळशीचं लग्न झालं की हिचं उरकू. सख्खे चुलते, भावकीत तेच मोठे. बाबांच्या माघारी त्यांचा शब्द शेवटचा, हे तुला मी सांगायला नको.

माझं डोकं फिरलं. यंदा भादव्यातल्या पोळ्याचा मान आपल्या घराचा आहे. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच आपली जोडी सगळ्या गावापुढे वेशीत जाणार. मी बोलून बसलो की यंदा मानाची जोडी लीला रंगवणार, मग गावानं ठरवावं ती काय शिकली ते. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि कबूल केलं. पण घरातल्या पोरीनं चव्हाट्यावर बैल रंगवत बसायचं नाही, तिनं तिकडून चित्र धाडायचं, मी रंगवायचं. गाव वाहवा म्हणालं तर तुझं शिक्षण पुरं होऊ द्यायचं. गाव हसलं तर दिवाळीला परत.

तेव्हा आता तू आणि तुझे मास्तर काय ते बघा. माझ्यावर रुसायचं असेल तर पोळ्यानंतर रूस.

तुझा
सोपानदादा


मुंबई
९ ऑगस्ट १९७०

ती. दादास, रागावलेल्या लीलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी मामीच्या देवघरात जाऊन रडले आणि मग फ्रेनीबाईंची भिंत आठवून हसले. तू माझं अख्खं आयुष्य बैलाच्या पाठीवर ठेवलंस, तेही मला न विचारता. दादा, मला इथून जायचं नाही. कागदावर साधी रेघ ओढायला आत्ता कुठे हात धजायला लागलाय. तळेगावचे पाहुणे चांगले असतील, त्यांच्या घरी कुणी मला रेघा ओढू देणार आहे का. हे एकदा स्पष्ट लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

राग संपला. आता नवल. काल केदारी नावाच्या एका चित्रकाराची चित्रं पाहिली. त्यातलं एक दोन चौकटींत आहे. एका चौकटीत नदी येते, दुसऱ्या चौकटीतून पुढे जाते, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर मोकळी भिंत. मला वाटलं टांगणाऱ्यानं चूक केली. केदारी स्वतः तिथे चहा पीत होते. मी त्यांना धीटपणे विचारलं. ते म्हणाले की त्या मधल्या जागेत नदी असते, ती त्यांनी काढलेली नाही, बघणाऱ्यानं काढायची. मी रात्री अंथरुणावर ती नदी काढत होते. आणखी एक, या माणसाच्या चित्रात निम्मा कागद कोराच असतो, आणि तो कोरा भागच डोळ्यांत भरतो.

मला थोडे दिवस दे. डोक्यात काहीतरी हललंय.

आशीर्वाद सध्या दुप्पट लागतील, हात आखडू नकोस.

लीला


(पोस्टकार्ड)
कुसगाव, २३ ऑगस्ट

चि. लीलास आशीर्वाद. घाईत आहे. नवल छोटं आहे, पण आहे. लोणावळ्यात चिक्कीच्या एका दुकानात नवं खोकं आलंय, त्यावर देवाचं, बाईचं, फुलाचं काहीच चित्र नाही. नुसता पिवळा चौकोन आणि त्यातून निघालेला धूर. गाडी घाट चढतेय हे मला लगेच कळलं. चिक्की संपली, खोकं ठेवलंय. कुणी काढलं ते दुकानदाराला ठाऊक नाही, शोध चालू. चित्र केव्हा धाडतेस? आबा रोज विचारतात, आणि विचारताना हसतात. सोपान.


मुंबई
६ सप्टेंबर १९७०

ती. दादास लीलाचा, बोटं निळी असलेल्या हातांनी, सा. न. वि. वि.

सोबत चित्र आहे. उघडण्याआधी हे वाच.

लहानपणी मी गाडीत कुठे बसायचे आठवतं का? बाबांच्या पुढ्यात, साटीच्या फळीवर अगदी पुढच्या कडेला. तिथून काय दिसायचं? दोन पाठी. डाव्या अंगाला चांद्या, उजव्या अंगाला बाजी, दोघेही पांढरेशुभ्र, आणि त्यांच्या डोक्यांवरून समोर डोंगर. त्या दोन पाठींएवढा मोठा कागद मला मुंबईत कुणी देणार नाही.

आपल्या मळ्यातून सकाळी दिसतं तेच काढलंय. डावीकडे विसापूर, तो चांद्यावर, कारण चांद्या थोराड. उजवीकडे लोहगड, तो बाजीवर. निळीची एकच जाड रेघ, चांद्याच्या पाठीवरून चढते आणि बाजीच्या पाठीवरून उतरते. मधली खिंड काढायची नाही. दोघे शेजारी उभे राहिले की मध्ये जी जागा राहते तीच खिंड. आणि त्या खिंडीतून वर येणारा सूर्य, तांबड्या हुरमुंजीनं, अर्धा चांद्याच्या आतल्या अंगावर, अर्धा बाजीच्या. बाकी सगळं अंग कोरं. ठिपके नाहीत, वाटीचे शिक्के नाहीत, बेगड नाही.

सगळ्यात अवघड आता सांगते. झूल घालायची नाही. ती घातली तर चित्रच झाकलं जाईल. आईनं ती आरशांची झूल किती महिने शिवली होती ते मला माहीत आहे. तिला तूच सांग, माझी छाती होत नाही.

मास्तरांनी चित्र बघितलं आणि चष्मा काढून पुन्हा बघितलं. दादा, मला हे खरंच जमलंय असं वाटतं.

माया कर, आणि रेघ ओढताना श्वास रोखून धर.

लीला


कुसगाव
२० सप्टेंबर १९७०

चि. लीला हीस सोपानदादाचे अनेक आशीर्वाद, आणि एक शाबासकी.

चित्र उघडलं नि मी चुलीपाशी बसलेल्या आईला हाक मारली. ती म्हणाली, हा तर आपला मळा. तिला काही सांगावं लागलं नाही. झुलीचं मात्र सांगावं लागलं. ती एक दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी झूल काढून तिनं उन्हात टाकली आणि सांगितलं की मग ती वासराला घालू, झूल घडीत राहता कामा नये. वासराला ती मापानं इतकी मोठी आहे की आरशांना पाय फुटल्यासारखं दिसणार.

परवा खोकी उतरवायला फ्रेनीबाईंकडे गेलो तेव्हा चित्र बरोबर नेलं. गाडीला जोडी जुंपलेली होतीच. फ्रेनीबाईंनी खडू आणला आणि गाडीच्या साटीवर चढल्या. त्या वरून सांगायच्या, मी रेघ ओढायचो. रेघ एका पाठीवरून सुटते आणि दुसऱ्या पाठीवर बरोबर सापडते. सूर्य पुरा झाला तेव्हा त्या बाई साटीवर उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. बैल दचकले, बाई माझ्या अंगावर. पोळ्याला त्या कॅमेरा घेऊन येणार आहेत.

आबांना अजून काही दाखवलेलं नाही. आमच्या पाठोपाठ त्यांचीच जोडी असते, तेव्हा त्यांना वेशीपर्यंत बघायला भरपूर वेळ मिळेल. तू निर्धास्त राहा. गाव बघतच राहील.

लोभाचं विचारू नकोस, सध्या तो रंगाच्या डब्यांइतका घरभर सांडलेला आहे.

तुझा
सोपानदादा


मुंबई
२८ सप्टेंबर १९७०, संध्याकाळ

दादा, नमस्कार वगैरे सगळं नंतर.

आत्ता मामांचा खांदा आखडला म्हणून मामी हळद-तेल चोळत होती आणि चेष्टेनं म्हणाली की उद्या गावाकडं खांदेमळणी, यांचीही आजच उरकून घेते. आणि मला एकदम लख्ख आठवलं. खांदेमळणीला मानेवरचं जू उतरतं, ते पोळाभर परत चढत नाही. पोळ्याला बैल जुंपतच नाहीत. वेशीत एकेक बैल चालवत नेतात, एकापाठोपाठ एक. मग माझी खिंड कुठून येणार? चांद्यावर अर्धा सूर्य, मागून येणाऱ्या बाजीवर अर्धा सूर्य. लोकांना काय दिसणार? फुटकी बशी.

मी शेतकऱ्याची मुलगी आणि मला हे सुचलं नाही. तू दर पोळ्याला बैल नेणारा आणि तुलाही सुचलं नाही. आपण दोघं नवलांच्या मागे इतके धावलो की घरातलं विसरलो.

तार करायला निघाले होते. मामांनी हात धरला. म्हणाले, गावात तार आली की तुझी आई वाचून घ्यायच्या आधीच गळा काढेल. ते खरं आहे. म्हणून हे पत्र. देव करो आणि पोळ्याआधी पोचो. पोचलं तर झूल घाल. वासराच्या अंगावरून काढून घाल. माझं चित्र झाकलं गेलं तरी चालेल. निदान कुणी हसणार नाही.

लीला


कुसगाव
२ ऑक्टोबर १९७०

चि. लीला हीस सोपानदादाचे, आईचे, आणि आणखी एका माणसाचे आशीर्वाद. तो माणूस शेवटी येतो, पान उलटून आधी बघू नकोस.

तुझं पत्र काल आलं. वाचून मी ओट्यावरच बसून हसलो, कारण जे तुला मामीच्या हळदीनं सुचवलं ते मला आईच्या कुंकवानं सुचवलं होतं. पोळ्याच्या सकाळी ओढ्यावर बैल धुतले, सुकवले, चित्रातल्यासारखे रंगवले. हातात ब्रश, मी खुशीत. तेवढ्यात आईनं धुऊनपुसून ठेवलेलं जू भिंतीशी उभं केलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. मी जू बघितलं. मग बैल बघितले. लीले, कपबश्यांच्या वेळी फुटला होता तो घाम काहीच नव्हे.

निळीचा डाग काही केल्या निघेना. मी वासराच्या अंगावरची झूल ओढायला लागलो. आईनं माझा हात धरला. पोरीनं धाडलंय ते तसंच जाऊ दे असं म्हणाली आणि झुलीची गाठ वासराच्या पोटाखाली आणखी आवळली. तिच्यापुढे माझं चाललं नाही.

चांद्याला मी धरलं. बाजीला आपल्या ठाकरवाडीच्या कोंडूनं धरलं, वर्षभर आपली गुरं वळतो तर पोळ्याला एक कासरा त्याच्या हातात हवाच. निघालो. गावानं बघितलं आणि जे व्हायचं ते झालं. एकानं विचारलं, अर्धी भाकरी कुणी खाल्ली. दुसरा म्हणाला, सोपानचा रंग संपला काय. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागे आबा आपली जोडी घेऊन. ते हसत नव्हते, नुसते खाकरत होते, आणि ते मला जास्त झोंबत होतं. मला तुझं तोंड दिसत होतं. आपण हरलो असं धरून मी मान खाली घालून चाललो.

वेशीपाशी आलो. तोरण वर बांधलेलं. तुला ठाऊक आहे, मानाचे बैल तिथे थांबतात, मागचे सगळे बैल रांगेला लागेपर्यंत. मी चांद्याला मधोमध उभं केलं. चांद्या मधोमध उभा राहीना. तो हळूहळू डाव्या अंगाला सरकला आणि तिथे घट्ट झाला. मी ढकललं, काही उपयोग नाही. इतकी वर्षं तो डावीकडेच चालला, उजवीकडची जागा त्याची नव्हे हे त्याला पक्कं माहीत. मग मागून कोंडूची आरोळी. बाजीनं त्याला कासऱ्यासकट ओढत आणलं. बाजी आला तो थेट चांद्याच्या उजव्या अंगाला येऊन उभा. मध्ये गाडीच्या दांडीपुरती जागा सोडून. जू नाही, दांडी नाही, कुणी हाकलं नाही, पण जागा सोडली.

मी पुढे होतो, मला काही दिसेना. मला फक्त ऐकू आलं. हसणं आधी पातळ झालं, मग राहिलंच नाही. कुणीतरी म्हणालं, हा इसापूर. दुसरं कुणीतरी म्हणालं, मग हा लोहगड की. मी कासरा सोडून मागे पळालो. लीले, तुझा डोंगर चढत होता, उतरत होता, आणि मधल्या जागेतून वेशीपलीकडचा उजेड येत होता, त्याच्या दोन्ही अंगांना सूर्य. सगळं गाव मागच्या बाजूला गोळा झालं. ओवाळायला पुढे उभ्या असलेल्या बायासुद्धा ताटं घेऊन मागे आल्या. बिचाऱ्या बैलांच्या तोंडाशी घास घेऊन फक्त आई राहिली. फ्रेनीबाई कुणाच्या तरी ओट्यावर चढून फोटो काढत होत्या, ते आले की पाठवतो.

मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

आबा वेशीतून बैल घेऊन सरळ घरी गेले. संध्याकाळी पुरणपोळी खायला आले, पोटभर खाल्ली, हात धुतला आणि तुझा कागद मागितला. दिव्याशी धरून बराच वेळ बघितला. मधल्या जागेत काही का काढलं नाही असं विचारलं. मी केदारींचं सांगितलं. मग म्हणाले, लिहून घे, मी सांगतो तसंच घे, तुझं शहाणपण घालू नको. तर घालत नाही.

लीलास भिमाजी आबाचा आशीर्वाद. तळेगावच्या पावण्यांना सांगावा धाडलाय, पोरीचं शिकणं पुरं होईस्तवर इचारू नका. गाव हसलं हुतं, ते मी इसरलो न्हाई. पर मागनं गप झालं, आन् मला काय वाटलं ते मला ठावं. मी समद्यांच्या पुढं, तुज्या बैलांच्या बरोब्बर मागं हुतो. तुजा बाप त्या खिंडीकडं बघत भाकरी खायाचा, ते ध्यानात आलं. आता काम ऐक. पुढल्या साली मान माज्या घराचा. माजे लाख्या आन् गुलब्या जनमात एकमेकाशेजारी धड उभे ऱ्हायले न्हाईत, शिंगं मारत्यात. आत्तापासनं इचाराला लाग. झूल मी घालनार न्हाई. आन् मधली जागा जरा मोठी धर.